एमजीबीत एमएक्स-५ च्या सीट: उंची, रुंदी आणि पट्ट्याचा भार

प्रश्न असा आहे. गाडी १९७२ ची एमजीबी रोडस्टर, म्हणजे उघड्या छताची ब्रिटिश स्पोर्ट्स कार, उजव्या हाताचे स्टीअरिंग. मूळ सीटची गादी पार बसली आहे, तासभर चालवली की कंबर धरते. पहिल्या पिढीच्या माझदा एमएक्स-५ च्या दोन सीट स्वस्तात मिळत आहेत. त्या बसतील का, फ्लोअर कापावा लागेल का, आणि सीटबेल्टचे काय करायचे?

सीट बसतात. ब्रिटन आणि अमेरिकेत एमजीबीवाल्यांनी केलेला हा अगदी सर्रास बदल आहे. पण त्या उचलून ठेवल्या आणि बोल्ट मारले, असे होत नाही. फ्लोअर अजिबात कापू नका. एमजीबीला वेगळी चासी नाही. फ्लोअर, सिल (दाराखालची लांब कड) आणि टनेल (दोन सीटमधला लांबट उठाव) मिळूनच गाडीचा सांगाडा होतो, आणि रोडस्टरला वर छताचाही आधार नसतो. म्हणून जे कापायचे, घासायचे, वाकवायचे ते सगळे सीटच्या बाजूने करायचे. गाडीला नवे भोकसुद्धा पडू न देता हे काम होऊ शकते, आणि तसेच करावे. उद्या मूळ सीट परत बसवायच्या झाल्या तर चार बोल्ट काढले की गाडी पूर्वीसारखी.

त्याआधी मूळ सीट एकदा उलटी करून बघा. या काळातल्या एमजीबीच्या सीटमध्ये फोमखाली आकड्यांनी ताणलेला रबराचा पडदा असतो. पन्नास वर्षांत तो कडक होऊन चिरतो, आकडे निसटतात, आणि बसणारा माणूस थेट सांगाड्याच्या खड्ड्यात जातो. बऱ्याचदा कंबरदुखीचे कारण एवढेच असते. नवा पडदा किंवा रबरी पट्ट्या आणि नवे फोम घातले की सीट पुन्हा बसण्यासारखी होते. हे दोन सुट्यांचे काम आहे, त्यात वेल्डिंग नाही. तरीही एमएक्स-५ ची सीट घेण्याला एक भक्कम कारण उरते. तिची पाठ उंच आहे, हेडरेस्ट पाठीतच आहे आणि कमरेला व बाजूंना आधार चांगला आहे. ज्या एमजीबीला हेडरेस्ट नाही, तिला मागून धक्का बसला तर मान मागे फेकली जाते. तुमच्या सीटला हेडरेस्ट नसेल, तर माझ्या मते एवढ्या एका कारणासाठीही हा बदल करण्याजोगा आहे.

कोणती सीट घ्यायची याबद्दल थोडे. एमएक्स-५ ची पहिली पिढी १९८९ ते १९९७ आणि दुसरी २००५ पर्यंतची. या दोन्हींच्या सीटमध्ये एअरबॅग नसते. २००५ नंतरच्या तिसऱ्या पिढीत सीटच्या पाठीत साइड एअरबॅग येते. ती सीट घेऊ नका. एमजीबीत तिला जोडायला कंट्रोल युनिट नाही, आणि आत स्फोटक भरलेले खोके तसेच पडून राहते. ब्रिटनमध्ये जपानहून आलेल्या यूनोस रोडस्टरच्या सीट मिळतात. गाडी तीच, स्टीअरिंगही उजवीकडे, त्यामुळे ड्रायव्हरची सीट ड्रायव्हरच्याच बाजूला येते आणि पाठ कलवायचा खटका दाराकडे राहतो. घेताना ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची फुगीर कड दाबून बघा. चढता-उतरता तीच दबते आणि आतले फोम चुरा झालेले असते. दोन्ही रेल, म्हणजे सीट ज्यांवर सरकते त्या पट्ट्या, पूर्ण मागेपुढे सरकवा, दोन्हींचे खटके एकाच वेळी सुटतात आणि एकाच वेळी बसतात का पाहा. काही सीटच्या हेडरेस्टमध्ये स्पीकर असतात. ते अडचण करत नाहीत, वायर गुंडाळून ठेवा.

आता मोजमाप. पैसे देण्याआधी हे करा. चार गोष्टी मोजायच्या: उंची, रुंदी, स्टीअरिंगची मध्यरेषा आणि मागची जागा. यांतली उंचीच बहुतेकांना फसवते.

एमजीबीत माणूस जवळजवळ जमिनीलगत बसतो. मूळ सीटची रेल फ्लोअरवरच्या लाकडी पट्ट्यांवर टेकलेली असते. एमएक्स-५ ची रेल मात्र वाकवलेल्या पत्र्याच्या पायांवर उभी असते, कारण त्या गाडीचा फ्लोअर वेगळ्या घडीचा आहे. पुढचे-मागचे आणि आतले-बाहेरचे पाय एकसारखे नसतात. ते तसेच ठेवून सीट एमजीबीत ठेवली तर डोळे काचेच्या वरच्या चौकटीच्या रेषेत येतात, मांडी स्टीअरिंगला घासते आणि हूड, म्हणजे कापडी छत, वर केल्यावर डोके कापडाला लागते.

मोजताना नुसत्या रिकाम्या गादीची उंची घेऊ नका. दोन्ही सीटवर एकाच माणसाला बसवा आणि फ्लोअरपासून त्याच्या मांडीच्या सांध्यापर्यंतचे उभे अंतर घ्या. त्यातही एक फसगत आहे. तुमची जुनी गादी बसलेली आहे, म्हणजे आजची उंची ही मूळ उंची नव्हे, तिच्याहून दोन-तीन सेंटीमीटर कमी असू शकते. म्हणून दुसरे मोजमाप गाडीकडून घ्या. हूड वर करून, नेहमीच्या बसण्याच्या पद्धतीत, डोके आणि कापड यांत किती जागा आहे ते बघा. खड्ड्यात उसळी बसते तेव्हाचा विचार करून निदान ५० मिमी जागा राहिली पाहिजे. आज जी जागा आहे त्यातून ५० वजा केले की सीट किती वर गेली तर चालेल तो आकडा मिळतो. उंच माणसाच्या बाबतीत तो शून्याच्या खालीही येतो. अशा वेळी फोम कापावेच लागेल, हे आधीच धरून चला.

रुंदी मोजताना फ्लोअरवर टेप लावून भागत नाही. टनेलची भिंत तिरपी आहे, सिलवर गालिचा आहे, आणि सीटचा सर्वांत रुंद भाग खाली नसून पाठ कलवण्याच्या सांध्यापाशी असतो. तिथे प्लास्टिकचे झाकण असते. म्हणून फ्लोअरपासून ५०, १५० आणि २५० मिमी उंचीवर अशी तीन ठिकाणी टनेल ते सिल रुंदी घ्या, आणि सीटचीही त्याच उंचीवर रुंदी मोजा. दोन्ही बाजूंना किमान ८ मिमी हवेत, नाहीतर सीट सरकवताना कापड घासून फाटते. दाराच्या बाजूला बोटे घालून खटका ओढता येईल इतकी जागा लागते ती वेगळी. जागा कमी पडली तर आधी ते प्लास्टिकचे झाकण काढा किंवा छाटा, मग सिलवरच्या गालिच्याखालचे जाड अस्तर तेवढ्या भागातून काढा. सीटचा सांगाडा घासणे हा अगदी शेवटचा उपाय आहे, आणि सांध्याच्या पत्र्याला तर हातच लावू नका. पाठीचा सगळा भार तोच पेलतो. हँडब्रेक टनेलच्या कडेला, ड्रायव्हरच्या सीटला चिकटून आहे. तो ओढताना मुठीला जागा राहते का, हे गादीवर माणूस बसवूनच बघा, कारण दबलेली गादी बाजूला फुगते. मधल्या खोक्याला उघडणारे आर्मरेस्ट असेल तर त्याच्याशी पाठीची कड अडते का तेही पाहा.

मध्यरेषेचे गणित सोपे आहे, तरी लोक ते विसरतात. स्टीअरिंगच्या मधोमध ओळंबा सोडा, त्याची रेषा फ्लोअरवर खडूने मागे न्या आणि सीटची मध्यरेषा तिच्यावर आणा. जागा नाही म्हणून सीट वीस-पंचवीस मिमी दाराकडे ढकलली की कंबर कायम पिळलेली राहते. मग कंबरदुखीसाठी केलेला हा सगळा खटाटोप वाया जातो.

मागची जागा म्हणजे सीटची पाठ आणि मागची भिंत यांतले अंतर. एमजीबीची मूळ पाठ पुढे दुमडते, त्यामुळे मागे सामान ठेवता येते आणि मागच्या झाकणाखालच्या बॅटरीपर्यंत हात जातो. एमएक्स-५ ची पाठ कलवायच्या खटक्याने जितकी पुढे येईल तितकीच येते. बॅटरीसाठी सीट पूर्ण पुढे सरकवून झाकण उघडते का, हे आधीच तपासा. पक्क्या छताचे जीटी मॉडेल असेल आणि मागच्या बाकावर मुले बसत असतील, तर या सीट घेऊ नका असेच सांगेन.

आता काढण्याचे काम. मूळ सीट प्रत्येकी चार बोल्टवर आहे. सीट मागे सरकवा, पुढचे दोन काढा. पुढे सरकवा, मागचे दोन काढा. बोल्ट फ्लोअरमधल्या पिंजरा-नटात, म्हणजे पत्र्याच्या पिंजऱ्यात अडकवलेल्या नटात जातात आणि ते नट खालून चिखल-पाणी खात गंजलेले असतात. आदल्या दिवशी गाडीच्या खालून आणि वरून गंज सोडवणारे तेल मारा. बोल्ट सैल होऊन पुन्हा अडला तर जोर करू नका. अर्धा आटा मागे, पाव आटा पुढे असे खेळवत काढा. जोर केला की पिंजरा फाटतो आणि नट आतल्या आत फिरतो. तसे झालेच तर खालून पिंजरा कापून नवा नट वेल्ड करायचा. वरून बोल्टच ग्राइंडरने उडवणे सोपे वाटते, पण मग तुमच्याकडे धरायला काहीच राहत नाही.

बोल्टच्या धाग्यांकडे, म्हणजे आट्यांकडे, नीट लक्ष द्या. गाडीकडचे नट ५/१६ इंच यूएनएफचे (इंची मापाचा बारीक आटा) आहेत, इंचाला २४ आटे. एमएक्स-५ कडचे सगळे मेट्रिक आहे. ५/१६ इंच म्हणजे ७.९४ मिमी, म्हणून एम८ चा, म्हणजे ८ मिमीचा मेट्रिक बोल्ट हाताने दीड-दोन आटे जातो आणि बरोबर आहे असे वाटते. मग पाना लावला की नटाचे धागे उपटून निघतात, कारण एम८ च्या आट्याचे अंतर १.२५ मिमी आणि याचे जेमतेम १.०६. नवा बोल्ट घ्यायला जाताना जुना बोल्ट आणि एक नवा नट सोबत न्या. नटांचे धागे ५/१६ यूएनएफच्या टॅपने, म्हणजे आटे पाडायच्या हत्याराने, साफ करून घ्या, टॅपला तेल लावा.

मूळ सीट निघाली की एमएक्स-५ च्या रेलचे पाय काढायचे. रेलचा खालचा चॅनेल आणि पाय यांतला जोड ग्राइंडरने घासून सोडवा. चॅनेलचा पत्रा मात्र पातळ होऊ देऊ नका. त्याआधी सीटची गादी आणि पाठ रेलपासून वेगळी करून दुसऱ्या खोलीत ठेवा. सीटचे फोम पॉलियुरेथेनचे असते. ग्राइंडरची ठिणगी आत गेली तर ते आतल्या आत धुमसते, आणि त्याच्या धुरात हायड्रोजन सायनाइड असते. रेलला वेल्डिंग करू नका. उष्णतेने चॅनेल वाकडा होतो, आतले ग्रीस जळते आणि खटक्याच्या स्प्रिंगचा ताण जातो. वेल्डिंग जिथे लागेल तिथे ते अ‍ॅडॅप्टर पट्टीवर करा, रेल लांब ठेवून.

अ‍ॅडॅप्टर पट्टी हाच या कामाचा गाभा आहे. एमजीबीच्या फ्लोअरमधल्या नटांचे अंतर आणि एमएक्स-५ च्या रेलचे अंतर जुळत नाही, लांबीतही नाही आणि रुंदीतही नाही. म्हणून प्रत्येक रेलखाली एक लोखंडी पट्टी घालायची. पट्टी आधी गाडीच्या नटांना बसते आणि तिच्यावर रेल बसते. यासाठी ४० × १० मिमीचा एमएस (साध्या पोलादाचा) फ्लॅट घ्या, साधारण ४०० मिमीचे चार तुकडे. चारही मिळून वजन ५ किलोच्या आसपास येते. पाच-सहा मिमीची पट्टी स्वस्त आणि हलकी दिसते, पण तिच्यात एम८ चा आटा पाडला तर चार-पाचच आटे मिळतात. लोखंडात बोल्टची पकड निदान बोल्टच्या व्यासाइतकी खोल हवी, म्हणजे ८ मिमी. दहाच्या पट्टीत ती आरामात मिळते.

प्रत्येक पट्टीत चार भोके. दोन गाडीच्या नटांसाठी ८.५ मिमीची, वरून खोलगट केलेली, म्हणजे बोल्टचे डोके पट्टीच्या आत बसेल आणि वरून रेल सपाट टेकेल. दोन रेलसाठी ६.८ मिमीची, त्यांत एम८ चा टॅप. खोलगट करताना एक बारकावा बहुतेक फॅब्रिकेशनवाल्यांच्या लक्षात येत नाही. मेट्रिक खोलगट स्क्रूच्या डोक्याचा कोन ९० अंश असतो आणि इंची अ‍ॅलन स्क्रूचा ८२. ९० अंशाच्या बिटाने केलेल्या खळग्यात इंची स्क्रू फक्त खालच्या कडेवर टेकतो. आवळताना घट्ट वाटतो, पण थोडे दिवस चालवले की कड दबते आणि बोल्ट ढिला पडतो. ८२ अंशाचा बिट मागवा.

भोक पट्टीच्या कडेपासून बोल्टच्या दीडपट, म्हणजे १२ मिमी आत हवे. ४० मिमीच्या पट्टीत दोन्ही कडांचे १२-१२ सोडले की १६ मिमी उरतात. तेवढाच फरक रुंदीत सांभाळता येतो. त्याहून जास्त फरक असेल तर ५० मिमीची पट्टी घ्या, २६ मिमीपर्यंत जमते. त्याच्याही पुढे गेले तर उभ्या पट्ट्यांचा नाद सोडा आणि पुढे एक, मागे एक अशा आडव्या पट्ट्या करा. आडवी पट्टी मध्ये वाकू नये म्हणून तिला खालून १० मिमीची उभी कड वेल्ड करावी लागते. काम वाढते, पण पट्टी पिळली जात नाही.

मूळच्या लाकडी पट्ट्या काढल्यावर त्यांची जाडी तुमच्या हातात येते. लोखंडी पट्टीची उंची त्यातूनच भागवायची. मात्र लाकूड फ्लोअरच्या उठावांवर नीट टेकून भार पसरवत होते. लोखंडी पट्टी थेट ठेवली तर ती उठावांवर टेकते आणि बोल्टपाशी खाली पोकळी राहते. बोल्ट आवळला की फ्लोअरचा पत्रा वर ओढला जातो. म्हणून प्रत्येक बोल्टखाली पोकळीच्या नेमक्या उंचीचा पोलादी बुश (जाड नळीचा तुकडा) घाला. गालिचा चालेल, त्याखालचा मऊ नमदा पट्टीच्या रुंदीइतका कापून टाका. नमद्यावर आवळलेला बोल्ट कधीच आवळलेला राहत नाही.

कलाचाही विचार इथेच करायचा. एमएक्स-५ च्या पायांमुळे गादी पुढून थोडी उचललेली होती. पाय काढले आणि रेल सपाट ठेवली की तो कल जातो, ब्रेक मारताना माणूस पुढे घसरतो, मांडीला आधार राहत नाही. पुढच्या बाजूला बुश वाढवून कल परत आणा. बोल्टांचे अंतर ३३० मिमी धरले तर पुढे २० मिमी उचलल्याने साडेतीन अंश मिळतात. दहा मिमीपासून सुरुवात करून बसून बघा. स्टीअरिंग आणि मांडी यांत जागा उरत नसेल तर १४ इंची चाक घालणे हा चांगला उपाय आहे. साडेपंधरा इंचाच्या चाकाची खालची कड त्याने १९ मिमी वर जाते.

जोडणी करताना पट्टीचे खोलगट बोल्ट रेलखाली जातात, म्हणून ते आधी आवळा, पण रेलच्या एकाही बोल्टला लगेच पूर्ण आवळू नका. रेलचे चारही बोल्ट सैल ठेवा, सीट दोन-तीनदा पूर्ण मागेपुढे सरकवा, मग कोपऱ्या-कोपऱ्याने आवळा. दोन्ही रेल पुढे आणि मागे एक मिमीच्या आत समांतर हव्यात. नसतील तर सीट अर्ध्यात अडते, किंवा त्याहून वाईट म्हणजे एकाच रेलचा खटका बसतो. बाहेरून सीट पक्की वाटते, आणि जोरात ब्रेक लागला की एका बाजूने सुटून तिरपी होते. दोन्ही खटक्यांचा आवाज वेगवेगळा ऐकू आला पाहिजे. दोन्ही बाजूंना जोडणारी तार वाकली असेल तर सरळ करा. एम८ साठी ८.८ ग्रेडचे बोल्ट घ्या आणि साधारण २४ न्यूटन-मीटरने आवळा. धाग्यांना मध्यम ताकदीचे लॉकिंग द्रव्य लावा.

नवे भोक पाडण्यावाचून गत्यंतरच नसेल, म्हणजे फ्लोअर आधीच बदललेला आहे आणि नट भलत्याच जागी आहेत, तर ड्रिल लावण्यापूर्वी गाडीखाली जाऊन बघा. इंधनाची नळी, मागच्या ब्रेकची नळी आणि बॅटरीची जाड केबल खालूनच जाते. बॅटरी सीटच्या लगेच मागे असल्याने तिचे टर्मिनल आधी सोडवा. नव्या भोकाखाली पसरट प्लेट हवीच. नुसता मोठा वॉशर चालत नाही, फ्लोअरचा पातळ पत्रा तो वर्तुळाकार कापत वर येतो. शर्यतीच्या गाड्यांसाठी एफआयए या आंतरराष्ट्रीय मोटार संघटनेचा नियम प्रत्येक सीट-बोल्टला किमान ४० चौरस सेंटीमीटरची, ३ मिमी जाड पोलादी प्लेट आणि किमान ८ मिमीचा बोल्ट सांगतो. रस्त्यावरच्या गाडीलाही हेच माप धरा. ६५ × ६५ × ३ मिमीचा तुकडा पुरतो. कोपरे गोल करा, खाली सीलंट लावा, नाहीतर त्याच जागी गंज धरेल.

आता पट्टा. या कामात जीवावर बेतू शकणारी चूक इथे होते. एमएक्स-५ मध्ये पट्ट्याचे बकल सीटलाच बोल्टने लावलेले असते. सीट घेतली की बकल आयते मिळते आणि वापरून टाकण्याचा मोह होतो. वापरू नका. त्या गाडीच्या फ्लोअरमध्ये सीटच्या बोल्टांखालचा भाग पट्ट्याचा भार घेण्यासाठीच बनवलेला आहे. एमजीबीत तो भार घेणारे ठिकाण वेगळे आहे. बकल टनेलवर लागते, आणि सीटच्या बोल्टांनी फक्त सीट धरायची असते.

फरक किती मोठा आहे ते बघा. अपघाताच्या हिशेबात सीटला तिच्या वजनाच्या वीसपट ओढ सोसावी लागते असे धरतात. १५ किलोची सीट म्हणजे ३०० किलो, चार बोल्टांत वाटलेले. प्रवासी गाड्यांच्या पट्ट्याच्या आधारबिंदूंची युरोपीय चाचणी मात्र खांद्याच्या आणि कमरेच्या पट्ट्याला एकाच वेळी प्रत्येकी १३.५ किलोन्यूटनने, म्हणजे सुमारे १,३७५ किलोने ओढते. त्या दोन्ही पट्ट्यांचा वाटा बकलवर येतो. ते बकल सीटला लावले की हा सगळा भार एमजीबीच्या पातळ पत्र्यातल्या पिंजरा-नटांवर जातो. ते नट यासाठी नाहीत. एमएक्स-५ चे बकल काढून टाका आणि एमजीबीचा स्वतःचा पट्टा, तिच्या स्वतःच्या जागांवर, ७/१६ इंच यूएनएफच्या बोल्टांनी लावा. तो बोल्टही मेट्रिकशी अदलाबदल होत नाही.

नवी सीट बसल्यावर टनेलवरचे बकल गादीच्या फुगीर कडेखाली दडते. अशा वेळी जास्त लांब देठाचे बकल घ्या. कमरेचा पट्टा ओटीपोटावर न येता कमरेच्या हाडावर बसला पाहिजे. मागच्या बाजूला रोडस्टरमध्ये खांद्याच्या पट्ट्याचा आधार चाकाच्या कमानीवर, खांद्यापेक्षा खाली आहे. सीट जितकी उंच, तितका पट्टा खांद्यावरून जास्त उतारावर मागे जातो, आणि धक्क्याच्या वेळी पाठीचा कणा खाली दाबतो. सीट शक्य तितकी खालीच ठेवण्याचा आग्रह यासाठीही आहे. पट्टा हेडरेस्टच्या कडेला किंवा खांद्यापाशी पाठीच्या कापडावर घासत असेल तर मार्गदर्शक कडी लावा, पण ती भार घेणारी नसावी, फक्त दिशा देणारी असावी.

एवढे करूनही उंची जास्त वाटली तर फोम कापा. कव्हर खालच्या बाजूने तारेच्या कड्यांनी धरलेले असते. कड्या पक्कडीने काढा, कव्हर उलटे सोलून घ्या. फोम वरून कापायचे नसते, खालून कापतात, म्हणजे बसण्याचा आकार तसाच राहतो. ब्रेडच्या दातेरी सुरीने किंवा करवतीच्या पात्याने एकावेळी १० मिमी काढा, परत ठेवून बसून बघा. मांडीच्या सांध्याखाली किमान ४० मिमी घट्ट फोम शिल्लक ठेवा. त्याहून कमी झाले की तासाभरात सांगाडा टोचतो. बाजूच्या फुगीर कडा कापू नका. मध्ये खड्डा केल्याने त्या आणखी उंच वाटतात आणि आधार वाढतो. नव्या कव्हरसाठी एमजीबीच्या मूळ नक्षीचे, किनारीला पाइपिंग असलेले रेक्झिन लावून घेतले तर सीट गाडीत परकी दिसत नाही. हे कुशनवाल्याचे काम आहे, त्याला मूळ सीट नमुना म्हणून द्या.

चाचणी गाडी उभी असतानाच पूर्ण करा. क्लच तळापर्यंत दाबा, स्टीअरिंग टोकापासून टोकापर्यंत फिरवा, दार बंद करा, हूड वर करा आणि मिटवा. त्याच्या कमानी हेडरेस्टच्या अगदी जवळून फिरतात, त्यामुळे सीट सगळ्यात मागे असताना आणि मधोमध असताना अशा दोन्ही स्थितींत बघा. मग पाय पुढच्या भिंतीला टेकवून पाठीने जोरात मागे ढकला. सीट किंचितही हलता कामा नये. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर आणि पुन्हा हजारानंतर सगळे बोल्ट तपासा, विशेषतः खोलगट डोक्याचे, कारण त्यांच्यापर्यंत पोहोचायला रेल काढावी लागते आणि लोक ते टाळतात.

भारतात ही गाडी असेल तर दोन गोष्टी वेगळ्या आहेत. एमएक्स-५ इथे अधिकृतपणे विकलीच गेली नाही, त्यामुळे सीट परदेशातून मागवाव्या लागतात आणि त्या खर्चात मूळ सीटचा पडदा, फोम आणि रेक्झिन उत्तम करून मिळते. इथल्या एखाद्या लहान गाडीच्या सीट घालायच्या असल्या तर वरची चारही मोजमापे तशीच लागू आहेत. फक्त लहान हॅचबॅकच्या सीट उंच बसण्यासाठी बनवलेल्या असतात, म्हणून पहिल्याच मोजमापात त्या बहुतेक बाद होतात. दुसरी गोष्ट नोंदणीची. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार न केलेल्या गाडीला व्हिंटेज म्हणून ‘व्हीए’ मालिकेचा क्रमांक मिळतो. १९७२ ची गाडी त्यात बसते. म्हणून पुण्यामुंबईत ही गाडी असेल तर फ्लोअरला एकही नवे भोक नको, आणि मूळ सीट, त्यांच्या लाकडी पट्ट्या, बुश आणि बोल्ट एका पिशवीत नावे लिहून कोरड्या जागी ठेवा. तपासणीच्या आदल्या दिवशी त्या परत बसवायला अर्धा दिवस पुरतो.